दत्तक मुलीला आधीचं काहीतरी आठवतं. ते खरं मानायचं का?

प्रश्न फोंड्याच्या एका आईचा आहे. मुलगी पावणेचार वर्षांची असताना संस्थेतून घरी आली, आता सात वर्षांची आहे. गेल्या काही महिन्यांत ती आधीचं सांगू लागली आहे. पाण्यावर एक घर होतं आणि त्या घरात स्कूटर उभी होती. हिरव्या बांगड्यांच्या एका बाईने तिला घट्ट धरलं होतं. एक दादा होता. फाटक कधी लाल असतं, कधी निळं. एकदा तापात ती ‘अव्वा’ म्हणाली. आजीचं म्हणणं, विषय काढू नका, विसरेल आपोआप. वडिलांना वाटतं ती गोष्टी रचते. आईला विचारायचं आहे की यातलं खरं किती, तिला फेरीबोटीवर नेऊन ती काही ओळखते का ते बघावं का, आणि खरोखरच भाऊ असला तर काय करावं.

ताई, गोव्यातल्या दत्तक कुटुंबांबरोबर समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या रूपांत येत असतो. यातलं काही खरं असण्याची चांगली शक्यता आहे. मात्र नेमकं कुठलं, ते आज तुम्ही, मी किंवा ती स्वतःही सांगू शकणार नाही. तरीसुद्धा आज करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यातलं काही लवकर करायला हवं.

आधी वडिलांच्या शंकेबद्दल, कारण घरात तिचा परिणाम सगळ्यात आधी होतो. सात वर्षांचं मूल तपशील बदलतं म्हणजे ते रचतं असं नाही. फाटकाचा रंग मुळात आठवणीत नसेल आणि कुणी विचारला, तर मूल त्या क्षणी सुचेल तो रंग सांगून मोकळं होतं. मोठी माणसंही तेच करतात, फक्त त्यांची उलटतपासणी कुणी घेत नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून पाणी, स्कूटर आणि घट्ट धरलेले हात हे प्रत्येक वेळी येतात. माझं लक्ष तिकडे जातं. अर्थात पुन्हापुन्हा येतं म्हणून ते घडलंच, असंही म्हणता येत नाही, कारण सांगून सांगून गोष्ट पक्की होत जाते. पण ‘खोटं बोलू नकोस’ हे वाक्य मात्र घरात कुणी उच्चारू नये. ते ऐकलेलं मूल आठवणं थांबवत नाही, फक्त सांगणं थांबवतं.

लवकर करायला हवं असं का म्हणते, ते सांगते. मोठ्या माणसांना त्यांची सगळ्यात जुनी आठवण विचारली तर ती सरासरी तीन ते साडेतीन वर्षांच्या वयातली निघते. त्यावरून लोकांचा समज होतो की त्याआधीचं मुलाच्या डोक्यात काही राहतच नाही. प्रत्यक्षात लहान मुलाला त्याआधीचंही आठवत असतं, ते पुढे गळून जातं. अमेरिकेत पॅट्रिशिया बाउअर आणि मरिना लार्किना यांनी तीन वर्षांच्या मुलांचं आईशी किंवा वडिलांशी अलीकडच्या प्रसंगांबद्दलचं बोलणं नोंदवून ठेवलं आणि पुढे वेगवेगळ्या वयांत त्या मुलांना तेच प्रसंग विचारले. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच ते सात वर्षांच्या मुलांना ६० टक्क्यांहून अधिक प्रसंग आठवत होते, आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ४० टक्क्यांहून कमी. तुमची मुलगी सात वर्षांची आहे. ही गळती याच सुमारास सुरू होते.

त्यातही त्या मुलांजवळ ते प्रसंग माहीत असलेले आईवडील होते. तुमच्या मुलीजवळ तसं कुणी नाही, आणि माझ्या मते दत्तक मुलाच्या आठवणी इतक्या डळमळीत का असतात याचं मोठं कारण हेच आहे. आपल्याला आपलं लहानपण आठवतं ते बरंचसं कुणीतरी आठवून देत राहिल्यामुळे. ‘तू चवथीला गणपतीच्या माटोळीखालीच झोपून गेली होतीस,’ असं दरवर्षी आत्या म्हणते. पुढे ते खरंच आठवतं की ऐकून माहीत आहे, हे आपल्यालाही सांगता येत नाही, आणि त्याने आपलं काही बिघडत नाही. कारण आत्या आहे, ते घर आहे, फोटो आहे. तुमच्या मुलीकडे फक्त चित्रं आहेत. ‘हो, असं झालं होतं’ म्हणणारं किंवा ‘नाही गं, ते वेगळं’ म्हणणारं माणूस तिच्या आयुष्यातून त्या चित्रांसकट निघून गेलं आहे. ती तुम्हाला सांगते तेव्हा त्या माणसाची रिकामी जागा तुम्ही घ्याल का, हे ती चाचपून बघत असते.

ती जागा घ्यायची म्हणजे काय, ते पाण्यावरच्या घरावरून सांगते.

तुम्हाला लगेच फेरीबोट सुचली. मलाही सुचली. गोव्यात राहणाऱ्या कुणालाही सुचेल, कारण फेरीत स्कूटर उभी करून माणसं बाजूला कठड्याशी उभी राहतात, आणि छपराखालची ती जागा तीन वर्षांच्या मुलाला घरासारखीच दिसेल. पण फेरी मान्य केली तरी शक्यता किती आहेत बघा. जन्मदात्या कुटुंबाबरोबरचा तो प्रवास असू शकेल. संस्थेतल्या एखाद्या ताईने तिला कुठेतरी नेताना झालेला असू शकेल, तर मग हिरव्या बांगड्यांची बाई तीच. तुमच्याकडे आल्यावर पहिल्या वर्षी तुम्ही रायबंदरहून चोडणला किंवा दुर्भाटहून रासईला गेला असाल, आणि नवीन घरातले ते पहिले दिवस तिच्या मनात ‘आधीच्या’ काळाला जोडले गेले असतील. इतक्या लहान मुलांना काय घडलं हे बऱ्यापैकी आठवतं, पण ते कधी घडलं आणि आपल्याला ते कुठून कळलं, हे त्यांच्या हातातून सहज निसटतं. शिवाय बालवाडीतलं एखादं चित्र असेल, टीव्हीवरचं दृश्य असेल. या सगळ्यांतून एक निवडायची घाई करू नका.

मला एक बारकी गोष्ट महत्त्वाची वाटते, ती म्हणजे तिचे शब्द. न्यूझीलंडमध्ये गॅब्रिएल सिमकॉक आणि हार्लिन हेन यांनी दोन-तीन वर्षांच्या मुलांना वस्तू लहान करणारं एक जादूचं यंत्र खेळायला दिलं आणि सहा महिन्यांनी किंवा वर्षाने त्याबद्दल विचारलं. मुलांना यंत्र आठवत होतं, कसं चालवायचं तेही बरंच आठवत होतं. मात्र प्रसंगाच्या वेळी जो शब्द त्यांच्याकडे नव्हता, तो नंतर शिकूनही त्या आठवणीसाठी त्यांनी वापरला नाही. २००२ चा हा प्रयोग छोटा आहे, पण मुलांबरोबर काम करताना मी तो लक्षात ठेवते. तुमची मुलगी आज ‘फेरीबोट’ हा शब्द सहज वापरत असेल, आणि तरी या एका आठवणीत ‘पाण्यावरचं घर’च म्हणत असेल, तर ती आठवण हा शब्द येण्याआधीची असू शकते. हा पुरावा नाही, खूण आहे. म्हणूनच तुम्ही तिला दुरुस्त करून ‘अगं, ती फेरीबोट’ असं सांगितलं नसेल तर यापुढेही सांगू नका. सांगून झालं असेल तर कधी सांगितलं ते लिहून ठेवा.

तर पहिलं काम, एक वही करा. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत, तारखेसह लिहा. कुठे बसलो होतो, आधी काय बोलणं चाललं होतं, तुम्ही काय विचारलं, हेसुद्धा लिहा. तिचं वाक्य शुद्ध करू नका, अर्थ लावू नका. तुमचे अंदाज समोरच्या पानावर वेगळ्या शाईने लिहा, म्हणजे दहा वर्षांनी तिला स्वतःचं आणि तुमचं वेगळं ओळखता येईल. वही तिची आहे हे तिला सांगा आणि ती मागेल तेव्हा तिच्या हातात द्या. चित्रं काढू द्या, पण त्यांचा उलगडा करत बसू नका. काळा रंग वापरला म्हणजे दुःख, घराला खिडकी नाही म्हणजे भीती, अशी कोष्टकं बरीच फिरतात. माझा त्यांच्यावर काडीचाही विश्वास नाही.

विचारायचं कसं? कमी. ‘सांग ना’, ‘मग?’, ‘अजून काही आठवतं?’ एवढं पुरतं. ‘तिथे विहीर होती का?’, ‘ती बाई तुझी आई होती का?’ असे प्रश्न टाळा, कारण ‘हो’ म्हटलं की आई खूश होते हे मुलांना पटकन कळतं. तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला तर मुलाला वाटतं, पहिलं उत्तर चुकलं होतं. मग ते वेगळं उत्तर देतं, आणि आपण म्हणतो, बघा, बदललं!

आता फेरीचा प्रश्न. तिला फेरीतून फिरवायला हरकत काहीच नाही. परीक्षा म्हणून मात्र नेऊ नका. मानसशास्त्रज्ञ किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांचा २००२ चा एक अभ्यास आहे. त्यांनी २० प्रौढांना त्यांच्याच लहानपणचा एक फोटो दाखवला, ज्यात ते गरम हवेच्या फुग्यात बसलेले दिसत होते. फोटो बनावट होता, असं कधी घडलंच नव्हतं. तीन मुलाखतींनंतर निम्म्या लोकांनी त्या सफरीतलं काही ना काही ‘आठवून’ सांगितलं. मोठ्या माणसांची ही गत, तर आईच्या चेहऱ्यावरची उत्सुकता वाचणाऱ्या सात वर्षांच्या मुलीचं काय? तुम्ही तिला फेरीत उभी करून ‘हेच का गं?’ विचारलंत, तर ती बहुतेक ‘हो’ म्हणेल, आणि त्या दिवसानंतर तिच्या मनातलं जुनं चित्र आणि नवीन फेरी वेगळी करता येणार नाहीत. म्हणून आधी तिच्याजवळ जे आहे ते सगळं वहीत उतरू द्या. नंतर एखाद्या रविवारी नेहमीसारखे फिरायला जा. ती स्वतःहून काही बोलली तर ऐका, घरी येऊन लिहा. नाही बोलली तर पलीकडे उतरून भजी खा आणि परत या. हाच नियम फोटोंना लागू: गावोगावची घरं, फाटकं मोबाइलवर दाखवून ओळख पटवू नका.

‘अव्वा’बद्दल. उत्तर कर्नाटकातल्या बोलण्यात आईला, काही घरांत आजीलाही अव्वा म्हणतात, हे तुम्ही शोधलंच आहे. गोव्यात कामासाठी आलेली कितीतरी कानडी कुटुंबं आहेत, संस्थांमध्ये काम करणाऱ्या बायकाही असतात, शेजारीपाजारीही असतात. तो शब्द तिला कुणाकडून मिळाला हे त्या एका हाकेवरून ठरत नाही. पण तो तिचा आहे. भाषा विसरली तरी तिचा माग राहू शकतो. मोंट्रियलमध्ये ९ ते १७ वर्षांच्या मुलींचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. चीनमधून अगदी लहानपणी दत्तक आलेल्या, आता फक्त फ्रेंच बोलणाऱ्या आणि चिनीचा एक शब्दही न कळणाऱ्या या मुलींचा मेंदू चिनी बोलण्यातल्या स्वरांच्या चढउतारांना चिनी बोलणाऱ्या मुलींसारखाच प्रतिसाद देत होता. मला तो अभ्यास फार मोलाचा वाटतो, कारण ‘एवढीशी होती, तिला काय कळतंय’ या वाक्याला त्यात उत्तर आहे. अंधाराची भीती, उशीखाली लपवलेला उंडा (पाव), कुणी मोठ्याने बोललं की अंग चोरणं, यांतही शब्दांशिवायचं काही शिल्लक असू शकतं. पण उलटा हिशेब करू नका. उंडा लपवते म्हणजे तिची अमुक दिवस उपासमार झाली होती, अशी कथा तिच्या वतीने लिहू नका.

तुम्ही लिहिलंय की ‘अव्वा’ ऐकून घरात कुणीतरी ‘म्हणजे घाटीच निघाली’ असं म्हणालं. ताई, याबाबतीत मी अजिबात मवाळ नाही. ते वाक्य पुन्हा या घरात येणार नाही हे तुम्ही आणि तिचे बाबा दोघांनी त्या माणसाला स्पष्ट सांगा, चवथीला गणपतीसमोर सगळे जमले असले तरी. मुलगी जिथून आली ती जागा हलकी असं तिने ऐकलं, तर ती आठवणींबरोबर स्वतःलाही लपवायला शिकेल. ‘मागच्या जन्मीचं’ हेही नको. तिचा मागचा जन्म वगैरे काही नाही, याच जन्मातली पावणेचार वर्षं आहेत, आणि ती तिने जगलेली आहेत.

आजींचं म्हणणं मायेपोटी आहे, हे मला दिसतं. आणि अर्ध्या भागात त्या बरोबरही आहेत, ती पुष्कळसं विसरेल. पण प्रसंग विसरले तरी ‘हा विषय काढला की घर गप्प होतं’ हे ती विसरणार नाही. आजींना याच कामात ओढा. त्यांना ऐकण्याची सवय असते, घाई नसते. फक्त एक विनंती. आपल्याकडे अशा वेळी कृष्ण आणि यशोदेची गोष्ट सांगतात. गोष्ट सुंदर आहे, मीही लहान मुलांना सांगते. पण मूल स्वतःची आठवण सांगत असताना मध्येच ती सांगू नका. मुलीला त्या वेळी तिची गोष्ट हवी असते. शिवाय हुशार मुलं विचारतात, ‘मग कृष्ण मथुरेला निघून का गेला?’ आणि त्यामागची भीती खरी असते: मलाही एक दिवस इथून जावं लागेल का? तो प्रश्न आला तर सरळ सांगा, ‘नाही. तू आमची आहेस, कायद्यानेही आणि घरातही. तुला काहीही आठवलं तरी ते बदलत नाही.’

ती थेट विचारेल, ‘आई, ते खरं होतं ना?’ तेव्हा होय-नाही करू नका. असं काहीसं म्हणा: ‘तुला आठवतंय हे खरं आहे. तेव्हा मी तिथे नव्हते, म्हणून मला माहीत नाही. आपल्या कागदांत इतकं लिहिलंय, ते मी तुला दाखवते. बाकीचं आपल्याला अजून कळलेलं नाही.’ मुलांना ‘माहीत नाही’ पेलतं. काहीतरी लपवलं जातंय हे मात्र पेलत नाही. आणि तुम्हाला स्वतःला त्या हिरव्या बांगड्यांचा मत्सर वाटत असेल, वाईट वाटत असेल, तर ते वाटणं साहजिक आहे. ते बाबांशी बोला, मैत्रिणीशी बोला, तिच्यासमोर डोळे पुसत बसू नका. नाहीतर ती तुमची काळजी घेऊ लागेल.

एक अपवाद. तिने कुणी मारल्याचं, अंगाला हात लावल्याचं, कोंडल्याचं सांगितलं, तर वर लिहिलेलं ‘कमी विचारा’ तिथे दुप्पट कडक पाळा. शांतपणे ऐका, ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा, तिचे शब्द जसेच्या तसे लिहा आणि थांबा. खरं-खोटं करणं तुमचं काम नाही. १०९८ या बालसेवा क्रमांकावर किंवा बालकल्याण समितीशी बोला. लैंगिक अत्याचाराचा विषय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, घटना जुनी असली तरी. गोव्यात २००३ च्या बाल कायद्याखाली स्वतंत्र बाल न्यायालयही आहे. आणि आठवणींमुळे झोप उडत असेल, शाळेत जाणं बंद होत असेल, तर बांबोळीच्या आयपीएचबी या मानसोपचार रुग्णालयात किंवा मुलांबरोबर काम करणाऱ्या एखाद्या समुपदेशकाकडे न्या. मात्र ‘दडलेल्या आठवणी बाहेर काढून देतो’ म्हणणाऱ्याकडे, संमोहन करणाऱ्याकडे नेऊ नका.

राहिला भाऊ. संस्थेत मोठ्या मुलाला सगळेच दादा म्हणतात, सांभाळणारी प्रत्येक बाई ताई किंवा मावशी असते, म्हणून ‘दादा’वरून सख्खा भाऊ ठरत नाही. सख्खी भावंडं सहसा एकत्रच दत्तक दिली जातात, त्यामुळे तो त्याच संस्थेत असता तर तुमच्या कागदांत बहुधा त्याचा उल्लेख आला असता. पण तो घरीच राहिलेला असू शकतो, किंवा तो शेजारचाही असेल.

म्हणून कागद काढा. दत्तक घेताना मिळालेला बाल अध्ययन अहवाल, वैद्यकीय तपासणी अहवाल, बालकल्याण समितीने ती दत्तक देण्यास मुक्त असल्याचं घोषित केल्याचा आदेश, हे सगळं पुन्हा सावकाश वाचा. ती कुठे, कधी, कोणत्या परिस्थितीत संस्थेत आली, तेव्हा कोणती भाषा बोलत होती, बरोबर कुणी होतं का, याच्या नोंदी सापडू शकतात. सोडून दिलेल्या मुलांच्या बाबतीत वर्तमानपत्रात फोटोसह जाहिरात दिली जाते, तिचं कात्रण संस्थेकडे असू शकतं. संस्थेला लेखी पत्र लिहा आणि मोजकं विचारा: भावंडाची नोंद आहे का, ती आली तेव्हाचा फोटो किंवा कपडे आहेत का, तिला सांभाळणारी कुणी अजून तिथे आहे का. शेवटच्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते. सांभाळणारी सापडली तर एका भेटीत अनेक चित्रांना मालक मिळतो, कधी हिरव्या बांगड्यांनाही.

त्यापुढचा शोध कायद्याच्या वाटेने. २०२२ च्या दत्तक नियमांनुसार मुलगी १८ वर्षांची होईपर्यंत ती आणि तुम्ही मिळून केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कारा’कडे, मुळांच्या, म्हणजे जन्मदात्या कुटुंबाच्या, शोधासाठी ऑनलाइन अर्ज करू शकता. नंतर ती एकटीही करू शकते. तिसऱ्या कुणाला तिच्या वतीने असा शोध घेता येत नाही, आणि जन्मदात्या आईवडिलांच्या खासगीपणाचा हक्क तिच्या हक्काआड दडपता येत नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण गोवा लहान आहे. चोडणात कुणाचा तरी मेव्हणा असतो, पोलिसांत कुणीतरी ओळखीचं असतं, आणि ‘जरा विचारून बघतो’ म्हणत चार माणसांना कळतं. त्यात एखाद्या बाईचं आताचं घर मोडू शकतं, आणि तुमच्या मुलीची गोष्ट तिला कळण्याआधी गावाला कळते. तिचा फोटो किंवा आठवणी समाजमाध्यमांवर टाकून ‘कुणी ओळखतं का’ असंही विचारू नका.

सात वर्षांच्या वयात ‘कारा’कडे अर्ज करायची घाई मला योग्य वाटत नाही. तिला अजून आठवण सांगायची आहे, उत्तर शोधायचं नाही. संस्थेला पत्र मात्र याच आठवड्यात पाठवा, कारण माणसं नोकरी सोडतात, फायली हलतात. पत्र पाठवल्याचं तिला सांगा: ‘दादाबद्दल आपण विचारलंय.’ उत्तर आलं की ते तिला वाचून दाखवा आणि वहीत चिकटवा. त्यात ‘नोंद आढळत नाही’ एवढंच असलं तरी.